शॉट बारवरून का जातो? आधी आधाराच्या पायाकडे बघा

फुटबॉलमध्ये शॉट शिकताना आणि शिकवताना सगळं लक्ष चेंडूला लागणाऱ्या पायावर असतं. पाय किती मागे न्यायचा, बुटाची लेस कुठे लागायला हवी, जोर किती लावायचा. हे सगळं गरजेचं आहेच. पण शॉट सुधारायचा असेल तर आधी तपासायला हवा तो दुसरा, आधाराचा पाय, चेंडूशेजारी जमिनीवर रोवलेला. चेंडू उंच गेला, बाजूने गेला, जोरच बसला नाही, या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ते कसं, हे कळायला थोडं गणित लागतं आणि शरीर कसं चालतं याची थोडी माहिती लागते. दोन्ही अवघड नाही.

आधी प्रत्यक्ष फटक्याचा क्षण बघू. पाऊल आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. पायाला काही चुकीचं जाणवलं, ते मेंदूपर्यंत पोचलं आणि मेंदूने स्नायूंना नवा हुकूम दिला, याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे पाय चेंडूला लागल्यावर दुरुस्तीला वावच नसतो. चेंडू कुठे जाणार, किती वेगाने जाणार, हवेत फिरणार की नाही, हे त्याआधीच्या दोन पावलांत ठरून गेलेलं असतं. सुधारणा करायची ती त्या दोन पावलांत.

या एवढ्याशा वेळात पायावर किती भार येतो तेही बघा. नियमाप्रमाणे मोठ्यांच्या सामन्यातला चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. थांबलेला चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने निघायचा असेल, तर त्या शंभराव्या भागात त्याला सरासरी १२०० न्यूटनच्या आसपास बळ मिळावं लागतं. म्हणजे जवळजवळ १२० किलोचं ओझं क्षणभर पावलाच्या वरच्या बाजूवर येतं. घोटा सैल असेल तर चेंडू पावलालाच खाली दाबतो आणि मेहनतीने आणलेला वेग घोटा वाकवण्यात वाया जातो. ‘घोटा लॉक कर’ असं प्रशिक्षक सतत ओरडतात ते यासाठी. बोटं खाली ताणून धरली की पावलाला आणखी वाकायला जागाच उरत नाही. चेंडू लागायला हवा तो लेसखालच्या टणक हाडाच्या भागावर. तो बोटांकडे सरकला की तरफ लांब होते, घोट्यावर ताण वाढतो आणि फटका मऊ बसतो.

पायात हा वेग येतो कुठून? मांडीच्या ताकदीतून, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. जोरदार शॉटमध्ये हालचाल कमरेपासून सुरू होते. आधी कंबर वळते, मग मांडी पुढे येते, तेव्हा गुडघा अजून वाकलेलाच असतो. मग मांडीचा वेग कमी होतो आणि त्याच क्षणी गुडघ्याखालचा पाय सुटतो. आसूडाची मूठ थांबते आणि टोक फटकन पुढे जातं, तसंच. मांडी मंदावली म्हणून पाऊल वेगाने जातं. जो खेळाडू ताकद लावायची म्हणून पूर्ण पाय एकजीव, ताठ करून फिरवतो, त्याचा शॉट नेहमी त्याच्या मेहनतीपेक्षा हळू जातो. चांगल्या फटक्यात चेंडूचा वेग पावलाच्या वेगापेक्षाही जास्त असतो, कारण पायाच्या मानाने चेंडू हलका आणि लवचीक असतो.

या क्रमाला जागा मिळते ती शेवटच्या पावलातून. शेवटचं पाऊल आधीच्या पावलांपेक्षा लांब पडलं की मारणाऱ्या पायाच्या बाजूची कंबर आपोआप मागे राहते आणि वळायला मोठी कमान मिळते. त्याच वेळी समोरचा हात, म्हणजे उजव्या पायाने मारणाऱ्याचा डावा हात, बाजूला आणि मागे उघडतो. छातीपासून मांडीपर्यंत अंग ताणलं जातं आणि मग एकदम मिटतं. हात अंगाला चिकटवून शॉट मारून बघा, फरक लगेच कळेल. चेंडूकडे सरळ मागून न येता ३० ते ४५ अंशांतून तिरकं यायचं तेही कमरेला ही वळायची जागा मिळावी म्हणूनच.

आता बारवरून, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांडीवरून, जाणाऱ्या चेंडूकडे येऊ. गोलची उंची २.४४ मीटर. चेंडू १६ मीटरवर, म्हणजे जवळजवळ पेनल्टी बॉक्सच्या रेषेवर ठेवलाय असं समजा. तिथून बार दिसतो तो जेमतेम ९ अंश वर. चेंडूची त्रिज्या ११ सेंटीमीटर. पाय जमिनीला समांतर येतोय आणि चेंडूच्या बरोबर मध्याच्या २ सेंटीमीटर खाली लागतोय असं धरलं, तर चेंडू साधारण १० अंश वर निघतो. ताशी ९० किलोमीटरचा वेग असेल, तर गुरुत्वाकर्षणामुळे वाटेत खाली येत तो गोलात कमरेच्या आसपासच्या उंचीवर पोचतो. छान शॉट. आता तोच पाय मध्याच्या ४ सेंटीमीटर खाली लागू दे. चेंडू २१ अंशांवर निघतो आणि बारच्या मीटरभर वरून जातो. गोल होणं आणि चेंडू बाहेर जाऊन समोरच्या संघाला गोलकिक मिळणं यांच्यात अंतर फक्त २ सेंटीमीटरचं.

हे २ सेंटीमीटर कोणी डोळ्यांनी मोजून मारू शकत नाही. पाय वेगाने येतोय, चेंडू हलतोय, बचावपटू अंगावर येतोय. हे अंतर सांभाळतो तो आधाराचा पाय, कारण मारणारा पाय ज्या कमानीत फिरतो तिचा मध्य त्याच्यामुळे ठरतो. पाऊल वरून खाली येतं, सगळ्यात खालच्या बिंदूला पोचतं आणि पुन्हा वर चढतं. आधाराचा पाय चेंडूच्या बराच मागे पडला, तर मारणारा पाय चेंडूपाशी पोचेपर्यंत वर चढायला लागलेला असतो. तो चेंडूच्या खाली शिरतो आणि चेंडू आकाशात जातो. आधाराचा पाय चेंडूच्या फार पुढे गेला, तर पाऊल अजून खाली उतरत असतानाच चेंडूला लागतं. चेंडू जमिनीत दाबला जातो, टप्पे खात जातो, आणि पाय पूर्ण वेगाला पोचण्याआधीच फटका झाल्यामुळे जोरही बसत नाही. पाय चेंडूच्या शेजारी, टाचेपासून बोटांपर्यंतच्या पट्ट्यात चेंडू येईल असा पडला की पाऊल कमानीच्या तळाशी असतानाच चेंडू लागतो.

बाजूचं अंतरही तितकंच महत्त्वाचं आहे. आधाराचा पाय चेंडूला खेटून पडला तर मारणाऱ्या पायाला मोकळं फिरायला जागा राहत नाही आणि शॉट अंगासमोरून आडवा ओढला जातो. फार लांब पडला तर चेंडू गाठण्यासाठी पाय ताणावा लागतो आणि शेवटी बोटांनी ढकलल्यासारखा फटका होतो. सुरुवातीला एक वीतभर अंतर ठेवून बघावं. मग उंचीप्रमाणे, पायाच्या लांबीप्रमाणे ज्याने त्याने आपलं अंतर शोधावं. आधाराचा गुडघा किंचित वाकलेला हवा. पावलाचं टोक साधारण लक्ष्याकडे, कारण कंबर बहुधा त्याच दिशेला वळते.

इथे एका आवडत्या सूचनेबद्दल बोलायलाच हवं. चेंडू वरून गेला की मैदानाबाहेरून हमखास आवाज येतो, ‘मागे झुकू नको!’ मुलगा पुढच्या वेळी मुद्दाम पुढे वाकतो आणि चेंडू पायात अडकतो. मागे झुकणं हे बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. पाय चेंडूच्या मागे पडला म्हणून अंग मागे राहिलं. शिवाय पूर्ण ताकदीच्या शॉटमध्ये उत्तम खेळाडूंचंही धड फटक्याच्या क्षणी थोडं मागे आणि आधाराच्या पायाच्या बाजूला कललेलं असतं. त्यामुळे ही सूचना मला फारशी कामाची वाटत नाही. ‘पाय चेंडूच्या शेजारी टाक’ एवढं सांगितलं तर अंग आपसूक जागेवर येतं.

थांबलेल्या चेंडूवर हे सगळं चटकन जमतं. सामन्यात मात्र चेंडू क्वचितच थांबलेला असतो आणि खरी फसगत तिथे होते. आधाराचा पाय टेकल्यापासून चेंडूला फटका बसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग किंवा थोडा जास्त वेळ जातो. चेंडू तुमच्यापासून पुढे सेकंदाला ३ मीटर वेगाने घरंगळत असेल, आणि हा काही मोठा वेग नाही, तर तेवढ्या वेळात तो ३० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पाय टाकताना तुम्ही तो अगदी चेंडूच्या शेजारी टाकलात, तरी फटक्याच्या क्षणी चेंडू फूटभर पुढे असतो आणि तुमचा पाय मागे पडलेला असतो. चेंडू बारवरून जातो. सरावात सगळं बरोबर केलं, मग सामन्यात काय झालं, याचं उत्तर कित्येकदा या फूटभर अंतरात असतं. पुढे जाणाऱ्या चेंडूसाठी पाय चेंडूच्या पुढे टाकावा लागतो. समोरून येणाऱ्या चेंडूचं बरोबर उलटं, पाय अलीकडे थांबवावा लागतो, नाहीतर चेंडू दोन्ही पायांच्या मध्ये येऊन अडकतो. आडव्या पासवर चेंडूच्या वाटेत कुठे भेटायचं हे ठरवून पाय टाकायचा असतो. ही नजर फक्त हलत्या चेंडूवर सराव केल्यानेच बसते. थांबलेल्या चेंडूवर शंभर शॉट मारून ती येत नाही.

म्हणूनच शॉटआधीचा टच, म्हणजे चेंडू पुढे ढकलणारा पायाचा हलका स्पर्श, शॉटइतकाच महत्त्वाचा. चेंडू अगदी पायात राहिला तर लांब शेवटचं पाऊल टाकायला जागा नाही, फार पुढे गेला तर बचावपटूच्या ताब्यात. मारणाऱ्या पायाच्या बाजूला, तिरका, एक-दीड पाऊल पुढे ढकललेला चेंडू सगळ्यात सोयीचा. त्याने तिरकं येण्याचा कोनही आपोआप मिळतो. चांगले स्ट्रायकर या टचच्या आधी मान वर करून कीपर कुठे आहे ते पाहून घेतात. शेवटच्या पावलात त्यांची नजर चेंडूवरच असते. नवखे खेळाडू नेमके याच क्षणी गोलकडे बघतात.

जोर की नेम, हा वाद नेहमीचा. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत. पेनल्टीच्या जागेवरून, ११ मीटरवरून, ७.३२ मीटर रुंदीचा गोल साधारण ३७ अंशांत पसरलेला दिसतो. समोरूनच २० मीटरवर गेलात की तो २१ अंशांवर येतो. २० मीटरवरून दिशेत एक अंशाची चूक झाली की चेंडू ३५ सेंटीमीटर बाजूला जातो. मोठ्या लीगांमध्ये बॉक्सबाहेरून मारलेल्या शंभर शॉटमधले पाचही गोल होत नाहीत, तर पेनल्टी साधारण चारातल्या तीन आत जातात. म्हणजे लांबून मारायची ताकद कमावण्यापेक्षा आणखी चार पावलं आत जाऊन मारायची सवय लावली, तर गोल जास्त होतील.

वेगाचा फायदा असतो तो कीपरचा वेळ खाण्यात. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू ११ मीटर अंतर ०.४ सेकंदात कापतो. ताशी ७० किलोमीटरचा पायाच्या आतल्या बाजूने मारलेला चेंडू ०.५७ सेकंदात. काय घडतंय हे कळायलाच कीपरला ०.२ सेकंद लागतात, उरलेल्या वेळात त्याला झेप घ्यायची असते. पण चेंडू कोपऱ्यात असेल तर ०.५७ सेकंदही त्याला अपुरे पडतात, आणि थेट अंगावर असेल तर ०.४ सेकंदातही हात आडवा येतो. म्हणून बॉक्सच्या आत आतल्या बाजूने, खाली, कोपऱ्याकडे हाच पहिला पर्याय ठेवावा. पावलाची आतली बाजू रुंद असते, त्यामुळे चेंडू थोडा इकडेतिकडे लागला तरी दिशा टिकते. कोनातून मारताना लांबच्या पोस्टकडे खाली मारलेला चेंडू मला नेहमीच जास्त आवडतो. कीपरने तो अडवला तरी अनेकदा परत मैदानात, आपल्याच पुढे आलेल्या साथीदाराच्या पायात येतो. जवळच्या पोस्टला चुकलेला चेंडू सरळ बाहेर.

चेंडू वळवायचा असेल तर तो मध्यापासून बाजूला लागायला हवा. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या उजव्या अंगाला फटका मारला की चेंडू स्वतःभोवती फिरत निघतो. त्याच्या एका बाजूची हवा फिरण्याबरोबर वेगाने सरकते, दुसऱ्या बाजूची अडते, आणि चेंडू डावीकडे वळत जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. ३ जून १९९७ रोजी लिऑनमध्ये फ्रान्सविरुद्ध ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसने जवळजवळ ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेला तो चेंडू बचावपटूंच्या भिंतीच्या उजवीकडून इतका बाहेर गेला, की गोल होईल असं कुणालाच वाटलं नाही. फ्रान्सचा कीपर बार्तेझ जागचा हलला नाही आणि चेंडू वळून पोस्टला आतून लागून जाळ्यात गेला. त्यात वळण होतं तसाच प्रचंड वेगही होता. बाजूला मारायच्या नादात जोर गेला तर चेंडू वळतो, पण कीपरच्या हातात जाऊन. अजिबात न फिरणारा, हवेत डचमळणारा नकलबॉल ही त्याच्या उलटी कला. मात्र ती मूळ फटका पक्का झाल्यावरच हाती घ्यावी.

व्हॉलीचा, म्हणजे चेंडू हवेत असतानाच मारलेल्या शॉटचा, नियमही आधाराच्या पायाशीच जोडलेला आहे. चेंडू जितका उंच, तितकं धड चेंडूपासून दूर, बाजूला कलायला हवं, म्हणजे मारणारा पाय आडवा फिरेल आणि चेंडूच्या खाली शिरणार नाही. २००२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात ग्लासगोला रेआल माद्रिदच्या झिदानने उंचावरून खाली येणाऱ्या चेंडूवर मारलेली व्हॉली संथ गतीत बघा. चेंडू खाली येईपर्यंत तो घाई करत नाही, उजवा पाय घट्ट रोवलेला, अंग उजवीकडे कललेलं, डावा पाय जवळजवळ कमरेच्या उंचीवर आडवा. आणि डावा हा त्याचा मुख्य पाय नव्हता.

त्यावरून दुबळ्या पायाचा विषय निघतो. उजव्या पायाचा खेळाडू डाव्याने मारतो तेव्हा डावा पाय कमकुवत आहे असं त्याला वाटतं. खरी अडचण अनेकदा उजव्या पायाची असते. त्या पायाने कधी चेंडूशेजारी टेकून सगळं अंग एका क्षणासाठी पेललेलंच नसतं. अशा खेळाडूला आधी उजव्या पायावर उभं राहून तोल सांभाळायला, मग एका पावलातून पायाच्या आतल्या बाजूने हलका साइडफूट मारायला लावावं. जोर नंतर येतो.

सराव कसा करावा? सुरुवात एका पावलातून, अर्ध्या जोराने. धाव नसल्यामुळे आधाराचा पाय कुठे पडतो हे लगेच जाणवतं. मग तीन-चार पावलं, मग हळू घरंगळणारा चेंडू, मग समोरून, बाजूने, पाठीमागून येणारा पास. एकदा पाय बसला की लक्ष पायावरून काढून चेंडू कुठे जायला हवा यावर न्यावं. हालचाल शिकण्यावरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की कौशल्य बसल्यावर स्वतःच्या अवयवांवर लक्ष ठेवण्यापेक्षा लक्ष्यावर लक्ष ठेवलेलं फायद्याचं ठरतं. एकाच जागेवरून सारखे वीस शॉट मारले की सरावात हात बसल्यासारखं वाटतं, पण दर वेळी जागा, कोन आणि चेंडूचा वेग बदलला तर सुरुवातीला चुका जास्त होऊनही शिकलेलं जास्त टिकतं. दमून पाय जड झाले की थांबावं. दमलेल्या पायाने मारलेला प्रत्येक शॉट चुकीचीच सवय पक्की करतो.

अंग गरम न करता पहिलाच शॉट पूर्ण जोराने मारणं टाळावं. मांडीच्या पुढचा लांब स्नायू आणि जांघेचे स्नायू शॉट मारताना झटक्यात ताणले जातात आणि बहुतेक दुखापती तिथेच होतात. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखत असेल तर ते अंगावर काढू नये. तिथलं हाड अजून वाढत असतं आणि सततच्या किकने तिथे सूज येते. त्यांना विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला लागतो. चेंडूही वयाला साजेसा हवा. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा, ५ नंबरचा चेंडू दिला तर तो तंत्र सोडून नुसता रेटायला शिकतो.

आपला आधाराचा पाय कुठे पडतोय हे आतून नीट कळत नाही, म्हणून फोनवर चित्रीकरण करावं. फोन बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, चेंडूच्या रेषेत ठेवावा. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर, आणि १० मिलिसेकंदांचा फटका त्या फटीत हरवून जातो. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम मिळतात, त्यात फटक्याच्या दोन-तीन फ्रेम नक्की सापडतात. पाय टेकल्याची फ्रेम आणि चेंडू लागल्याची फ्रेम शेजारी शेजारी ठेवून त्या वेळात चेंडू किती सरकला ते मोजा. तेवढं अंतर पुढच्या वेळी पाय पुढे किंवा मागे टाकायचा.